बोन्सायच्या तळाला खडी नको, आधी चाळणी घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत बोन्सायवरचा लेख वाचला. लेख छान होता, फोटो तर फारच छान, आणि मराठी पेपरात कोणीतरी या छंदाला अर्धं पान दिलं याचंच मला आधी कौतुक वाटलं. पण मग मातीचा भाग आला आणि मी चष्मा काढून, पुसून परत लावला. तीन ओळींत विषय संपवलाय. एक भाग बागेतली माती, एक भाग वाळू, एक भाग शेणखत, आणि पाण्याचा निचरा चांगला व्हावा म्हणून कुंडीच्या तळाला खडीचा थर. झालं! अगदी हेच मी सोळा वर्षांपूर्वी कुठेतरी वाचलं होतं आणि अगदी तस्संच केलं होतं, म्हणून हे पत्र जरा लांबणार आहे, आधीच सॉरी म्हणते. जागा नसेल तर कुठेही कात्री लावा, खडीचा भाग तेवढा ठेवा.

माझं पहिलं झाड ज्युनिपर होतं, पाइनसारखंच एक सदाहरित झाड. लेखातल्यासारखंच मिश्रण, खाली खडी, वर झाड, रोज सकाळी प्रेमाने पाणी. दोन महिने मस्त हिरवंगार. मी येईल त्याला दाखवत होते. मग एक दिवस फांदीला हात लावला तर पानं कडक लागली आणि झरझर गळायला लागली. नंतर कळलं की ज्युनिपर मेल्यावरसुद्धा कित्येक आठवडे हिरवं दिसत राहतं, म्हणजे मी ज्याला दाखवत होते ते झाड नव्हतंच, प्रेत होतं. कुंडीतून उपटलं तर मातीचा गोळा ट्रेच्या, म्हणजे बोन्सायच्या उथळ कुंडीच्या, आकाराचा, तसाच्या तसा, विटेसारखा बाहेर आला, मुळं काळी, बोटात धरली की साल सुटून हातात येत होती, आणि वास गटारासारखा. खडी मात्र खाली स्वच्छ, कोरडी, जशी घातली तशी. मला वाटलं माझं पाणी जास्त झालं. सगळे तेच सांगतात ना, ओव्हरवॉटरिंग. पण खरं तर रोजचं पाणी हा प्रॉब्लेम नव्हता, ते पाणी त्या मातीतून बाहेरच पडत नव्हतं हा प्रॉब्लेम होता.

आता खडीचं बघा. घरात भांडी घासायचा स्पंज असतो तो घ्या, पाण्यात बुडवून पूर्ण भरू द्या आणि तळहातावर आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. थेंब पडायचा पूर्ण थांबला की तोच स्पंज, न पिळता, उभा धरा. परत धार लागेल! स्पंज तोच, भोकं तीच, कोणी दाबलं नाही, मग हे पाणी आलं कुठून? तर बारीक भोकांमध्ये पाणी चिकटून राहतं आणि तळाशी एका ठराविक उंचीपर्यंत ते गुरुत्वाकर्षणाला दाद देत नाही. स्पंज आडवा असताना ती उंची म्हणजे जवळजवळ सगळा स्पंज, उभा केला की फक्त खालचा तुकडा, म्हणून वरचं पाणी सुटलं. कुंडीतल्या मातीचं अगदी हेच होतं. तळाशी पाण्याने गच्च भरलेला एक थर राहतोच राहतो, भोकं कितीही मोठी पाडा, आणि त्या थराची उंची ठरते दाण्याच्या साईझवर, कुंडीच्या खोलीवर नाही. दाणे बारीक तर थर उंच, दाणे मोठे तर थर बुटका.

समजा एखाद्या मिश्रणात हा थर ४ सेंमी आहे. ३० सेंमी खोल कुंडीत काय फरक पडतो, वरची २६ सेंमी माती हवेशीर आहे, मुळं तिथे सुखाने राहतील. तेच मिश्रण ५ सेंमीच्या बोन्साय ट्रेमध्ये घातलं तर वर उरलं १ सेंमी! बाकी सगळा चिखल. म्हणून मोठ्या कुंडीत ज्या मातीत गुलाब फुलतो त्याच मातीत बोन्साय मरतं, आणि माणूस म्हणतो की बोन्साय नाजूक असतात बाई, आपल्याला नाही जमत. नाजूक वगैरे काही नसतात. ट्रे उथळ असतो, एवढंच.

आणि खडी? बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खडीत आपणहून उतरत नाही. वरची माती पूर्ण गच्च झाली की मगच थेंब खाली पडतो. म्हणजे तो चिखलाचा थर काही नाहीसा होत नाही, फक्त कुंडीच्या बुडाऐवजी खडीच्या डोक्यावर बसतो, मुळांच्या आणखी जवळ. ट्रे आधीच ५ सेंमी, त्यातली दीड सेंमी खडीत घालवली, उरलं काय? निचऱ्यासाठी घातलेली खडी निचऱ्याचंच वाटोळं करते, आणि हे सगळीकडे इतक्या वर्षांपासून छापून येतंय की आता ते खोटं आहे म्हटलं तर लोक माझ्याकडे असं बघतात की हिला काय झालं. हां, जपानी पद्धतीत तळाला जरा मोठे दाणे घालणारे पुष्कळ जाणकार आहेत, ते मला माहीत आहे. पण त्यांचं वरचं मिश्रणही दाणेदारच असतं, त्यात चिखल होणारं काही नसतंच, त्यामुळे त्यांना तो थर बाधत नाही. आपण त्यांचा खालचा थर उचलला आणि वर बागेतली माती ठेवली. भोकांवर जाळी लावा, दाणे वाहून जाऊ नयेत म्हणून. तेवढं पुरे.

मग काय वापरायचं, हा पुढचा प्रश्न, आणि इथे सगळे जण एकदम नावांच्या मागे लागतात. अकादामा (बोन्सायसाठी नावाजलेली जपानी दाणेदार माती) कुठे मिळेल, अकादामाशिवाय होईल का. अहो, आधी नाव सोडा आणि दाणा बघा. मला चांगल्या मिश्रणाची एकच व्याख्या पटलीये, दाण्याच्या पोटात पाणी आणि दाण्यांच्या मधे हवा. मुळांना श्वास घ्यायला ऑक्सिजन लागतो, आणि हवेतला ऑक्सिजन जितक्या सहज मुळापर्यंत पोचतो तितका साचलेल्या पाण्यातून पोचत नाही, त्या मानाने काहीच नाही म्हणा. हवा संपली की मुळं आधी कमजोर होतात आणि मग पाण्यातच वाढणाऱ्या बुरशीसारख्या रोगांना आयतं खाद्य मिळतं, रूट रॉट म्हणतात तो हाच. तर दाणा असा पाहिजे की जो स्वतः पाणी पिऊन धरून ठेवेल पण शेजारच्या दाण्याला चिकटून चिखल करणार नाही, वर्षभर पाणी खाऊनसुद्धा दाणाच राहील.

साईझ साधारण २ ते ६ मिमी. मोठ्या झाडाला ३ ते ६, तळहातावर मावणाऱ्या छोट्या झाडांना २ ते ४, कारण छोटा ट्रे पटकन वाळतो आणि तिथे जरा बारीक दाण्याचा फायदाच होतो. २ मिमीच्या खालचं सगळं मी काढून टाकते. आमच्या घरी मला चाळणीवाली म्हणतात, म्हणू देत. एकदा मी 'बोन्साय मिक्स' असं छापलेली तयार पिशवी आणली, वर झाडाचा फोटो वगैरे, चाळली तर निम्मी पिशवी चाळणीखाली! नुसती पूड. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, मॅडम त्यातच तर सगळी ताकद असते. त्या ताकदीने माझी आणखी दोन झाडं गेली असती.

आणि दाणे शक्यतो एकाच साईझचे हवेत, हे फार कमी लोक सांगतात. एक वाटी मोठे खडे घ्या आणि एक वाटी बारीक वाळू घ्या, दोन्ही एकत्र करा. दोन वाट्या होत नाहीत, बऱ्याच कमी भरतात. वाळू गेली कुठे? खड्यांच्या मधल्या फटीत. त्याच फटी आपल्याला हव्या होत्या ना, हवेसाठी! म्हणून 'माती चिकट आहे, वाळू घालून भुसभुशीत करा' हा सल्ला कुंडीत उलटा पडतो, चिकट माती आणि बारीक वाळू मिळून जे होतं ते सुकल्यावर खणायला पहार लागते. लेखातला 'एक भाग वाळू' हा याच जातीचा सल्ला. समुद्राची वाळू तर नावच काढू नका, मीठ आणि शंखशिंपल्यांचा चुना दोन्ही त्यात.

आता एकेका मालाबद्दल. अकादामा म्हणजे जपानी भाषेत शब्दशः लाल गोळे, ज्वालामुखीच्या राखेपासून तयार झालेली दाणेदार माती, तिकडच्या कांतो भागात जमिनीतून खणून काढतात, वाळवतात, चाळून साईझप्रमाणे वेगळी करतात. चांगली आहे यात वादच नाही. पाणी धरते, खत धरते, ओली असताना गडद आणि सुकली की फिकी दिसते त्यामुळे पाणी कधी घालायचं ते नुसतं बघून कळतं, आणि मूळ तिच्या दाण्यात शिरून दाणा फोडू शकतं म्हणून बारीक मुळांचं जाळं सुंदर होतं. पण ती हळूहळू फुटते, दोनतीन वर्षांत तिचा बारीक गाळ व्हायला लागतो, जिथे थंडीत कुंडीतलं पाणी गोठतं आणि वितळतं तिथे त्याहून लवकर. जपानात दोनतीन वर्षांनी रिपॉटिंग, म्हणजे माती बदलून झाड परत लावायची शिस्त आहे, त्यामुळे त्यांना ते चालतं. तुम्ही सात वर्षं झाडाला हात लावणार नसाल तर अकादामा तुमच्यासाठी नाही. जपानी लोक अकादामा वापरतात ती त्यांच्या पायाखाली सापडते म्हणून, हे विसरून जाऊन आपण तिला देव्हाऱ्यात बसवलंय. दुसरी तिचीच बहीण कानुमा, तोचिगी प्रांतातल्या कानुमा गावावरून नाव पडलं, पिवळसर, हलकी, आणि मुख्य म्हणजे आम्लधर्मी, म्हणून अझेलियाच्या फुलझाडांना ती फार मानवते. बाकीच्यांना तिची तशी गरज नाही.

प्यूमिस माझा सगळ्यात आवडता. ज्वालामुखीचा फेस थिजून झालेला दगड, इतका हलका की बरेचसे दाणे पाण्यावर तरंगतात, आत अक्षरशः भोकंच भोकं, पाणी पोटात आणि हवा बाहेर, व्याख्येत फिट्ट बसतो. आणि वर्षानुवर्षं फुटत नाही. लावा रॉक म्हणजे त्याचा जड, खरबरीत भाऊ, पाणी जरा कमी धरतो पण त्याच्या धारदार कडांमुळे मिश्रण दबत नाही, ढिलं राहतं. हे दोन्ही मिळत असतील तर अर्धी काळजी मिटली.

मिळत नसतील तर वीट. हो, साधी भाजलेली मातीची वीट, फोडून, चाळून, धुऊन. अनेक जण नाक मुरडतात, पण भाजलेल्या मातीचा दाणा हा पाणी पिणारा आणि न विरघळणारा दाणा आहे, त्याला आणखी काय पाहिजे? फक्त वीट पक्की भाजलेली हवी. माझी एक अख्खी बॅच कच्च्या विटांची निघाली आणि एका पावसाळ्यात लाल लोण्यासारखी झाली. तेव्हापासून मी आधी टेस्ट घेते, मूठभर तुकडे काचेच्या बरणीत पाण्यात रात्रभर ठेवायचे, सकाळी बोटांनी जोर लावून चुरायला बघायचं आणि बरणी जोरात हलवायची. दाणा चुरला किंवा पाणी गढूळच गढूळ झालं तर ती वीट बाद. सुरुवातीला थोडी लाल धूळ निघणारच, ती धुऊन जाते. आणि पाडकामातल्या विटा आणू नका, त्यांना सिमेंट आणि चुना चिकटलेला असतो, तो मातीचा पीएच, म्हणजे आम्ल की अल्क ते सांगणारा आकडा, वर ढकलत बसतो. कौलांचे तुकडे, फुटक्या मातीच्या कुंड्या, याच घराण्यातले, तोच नियम.

परलाइट आणि व्हर्मिक्युलाइट ही भट्टीत फुगवलेली खनिजं. परलाइट हलकं, पांढरं, हवा चांगली देतं पण पाणी घातलं की वर तरंगून येतं आणि सुंदर झाडाच्या बुंध्याशी थर्माकोलचा चुरा पडल्यासारखं दिसतं, मला ते बघवत नाही, झाडाला आकार देत असतानाच्या ट्रेनिंगच्या कुंडीत ठीक आहे. व्हर्मिक्युलाइट खत छान धरतं पण दबून चपटं होतं. ग्रॅनाइटची कच स्वस्थ पडून राहते, काही बिघडवत नाही, काही धरतही नाही. भाजलेल्या मातीचे गोल गुळगुळीत गोळे मिळतात ते साईझने मोठे असतात, फोडून वापरले तर कामाचे.

कोळसा घाला म्हणजे पाणी शुद्ध राहतं असं जो तो सांगतो. थोडा घातला तर बिघडत नाही, चमत्कारही होत नाही.

कोकोपीटवर मात्र मला थोडं बोलायचंय कारण हल्ली सगळीकडे तेच. एक तर त्यात मीठ असू शकतं, नारळाच्या काथ्यातलं सोडियम आणि पोटॅशियम, म्हणून दोनतीन पाण्यातून धुतल्याशिवाय वापरायचं नाही. पण धुतलं तरी ते भुशासारखं बारीकच. दाणेदार मिश्रणात घातलं की प्रत्येक पाण्यासरशी खाली खाली सरकतं आणि शेवटी तळाशी, जिथे आधीच पाणी साचायची सवय आहे तिथे, त्याची गादी होते. त्यापेक्षा नारळाच्या सालीचे बारीक चौकोनी तुकडे किंवा झाडाच्या सालीचे ४-५ मिमीचे तुकडे घ्या, पाणीही धरतात आणि आकारही धरतात. एकूण मिश्रणाच्या पाव भागापेक्षा जास्त नको असं माझं मत, कारण सेंद्रिय काहीही असलं तरी ते कुजणार आणि कुजलं की बारीक होणार.

हाच नियम शेणखताला आणि गांडूळखताला. खत वाईट नाही, जागा चुकली. 'मातीत दम पाहिजे' हे वाक्य शेतासाठी खरं आहे, तिथे खाली अख्खी पृथ्वी आहे. ट्रेमध्ये मातीचं काम झाडाला धरून ठेवणं आणि पाणी आणि हवा दोन्ही देणं, दम आपण वरून द्यायचा, आपल्या हाताने. मी खताच्या छोट्या पुरचुंड्या करून मातीच्या वर ठेवते, पाणी घालताना थोडं थोडं झिरपतं, संपलं की पुरचुंडी उचलून दुसरी ठेवायची, फटी मोकळ्याच राहतात. आणि पूर्ण दगडी मिश्रण असेल तर पातळ खत वरचेवर द्यावं लागतं, कारण नुसता दगड खत धरून ठेवत नाही, आज घातलेलं खत दोन पाण्यात भोकातून बाहेर. हे न करता 'तुमच्या त्या दगडात झाड पिवळं पडलं' असं मला येऊन सांगणारे आहेत. पडणारच! पिवळं पडण्याचं दुसरं कारण पाणी जड असणं, कुंडीच्या कडेला पांढरा थर जमतो, पीएच वर जातो, आणि मग मातीत लोह असूनही झाडाला ते घेता येत नाही, नवीन पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या अशी दिसायला लागली की समजायचं. तिथे माती बदलून काही होत नाही, पाणी बदलावं लागतं, शक्य असेल तर पावसाचं साठवलेलं.

प्रमाण काय, हे विचारल्याशिवाय कोणी सोडत नाही. मला रेसिपी द्यायला आवडत नाही कारण रेसिपीत झाड कुठलं, ऊन किती, वारा किती आणि तुम्ही घरी किती वेळ असता यातलं काहीच नसतं. शेवटचं तर सगळ्यात महत्त्वाचं आहे. सकाळी आठला घराबाहेर पडून रात्री परतणाऱ्या माणसाने पूर्ण दगडी मिश्रण वापरलं आणि झाड गच्चीत भर उन्हात ठेवलं तर संध्याकाळपर्यंत त्याची काडी होईल, आणि दिवसभर घरी असलेल्या, येताजाता झाडाला पाणी घालायची हौस असलेल्या माझ्यासारखीने पाणी धरणारं मिश्रण वापरलं तर झाड बुडेल. म्हणजे एकाचं चांगलं मिश्रण दुसऱ्याला मारक. तरी सांगायचंच तर वड, पिंपळ, उंबर, फायकसच्या जातीतली झाडं, यांना मी दोन भाग वीट, दोन भाग प्यूमिस किंवा लावा आणि एक भाग सालीचे तुकडे असं देते, ही मंडळी तशी पाणी सोसणारी आहेत, थोडं इकडे तिकडे चालवून घेतात. ज्युनिपर आणि पाइनला साल जवळजवळ नाहीच आणि दाणा जरा मोठा. बोगनवेलीला पाय ओले राहिलेले अजिबात खपत नाहीत. जेड आणि अडेनियम पानात नाहीतर खोडात पाणी साठवतात, त्यांना तर कोरडं मिश्रणच हवं. पानगळीच्या झाडांना, मेपल वगैरे, जरा जास्त पाणी धरणारं.

आपलं मिश्रण कसं आहे हे घरच्या घरी मोजताही येतं, आणि हे मला वाटतं लेखात असायलाच हवं होतं. ट्रेच्याच उंचीचा एखादा प्लॅस्टिकचा डबा घ्या (उंचीचं महत्त्व वर स्पंजमध्ये आलंच), तळाला भोकं पाडा आणि बाहेरून चिकटपट्टी लावा. त्यात कोरडं मिश्रण मोजून घाला, समजा १ लिटर. मग मोजपात्राने हळूहळू पाणी ओता, पृष्ठभागावर चकाकी दिसेपर्यंत. रात्रभर ठेवा, दाणे पाणी पितील, पातळी खाली जाईल, परत वरपर्यंत भरा आणि एकूण किती पाणी गेलं ते लिहा. समजा ६०० मिली. आता पट्टी काढा आणि खाली गळणारं सगळं पाणी भांड्यात धरा, थेंब थांबेपर्यंत. समजा २५० मिली आलं. म्हणजे पाणी गळून गेल्यावर १ लिटरमधल्या २५० मिली जागेत हवा शिरली, २५ टक्के हवा, आणि ३५० मिली पाणी मिश्रणाने धरून ठेवलं. माझा अनुभव असा की हवा १५ टक्क्यांच्या खाली गेली की त्या मिश्रणात मी बोन्साय लावत नाही, २० ते ३० मध्ये झाडं खूश असतात. लेखातलं माती-वाळू-शेणखत मी मुद्दाम करून बघितलं, या पत्रासाठीच. गळायला इतका वेळ लागला की मी मधे झोपून उठले, आणि भांड्यात जेमतेम बूड झाकेल एवढं पाणी.

आणखी एक फसगत सांगते, यात अनुभवी लोकही सापडतात. नर्सरीतून झाड आणलं, त्याच्या मुळाशी चिकट मातीचा घट्ट गोळा, आपण तो तसाच ठेवून भोवती उत्तम दाणेदार मिश्रण भरलं. बाहेरून सगळं भारी दिसतं. पण पाणी सोपा रस्ता धरतं, बाजूच्या दाण्यांतून सरळ खाली जातं, आणि मधला गोळा एक तर आतून ठणठणीत कोरडा राहतो किंवा एकदा भिजला की आठवडाभर गच्च. मुळं सगळी तर तिथेच आहेत! तो गोळा टप्प्याटप्प्याने काढावाच लागतो. फायकसच्या जातींची माती वाढीच्या गरम दिवसांत बऱ्यापैकी पूर्ण काढलेली चालते, पानगळीच्या झाडांची कळ्या फुगायला लागल्या आणि पानं अजून उघडली नाहीत त्या वेळी. पाइन आणि ज्युनिपरची मात्र एका वेळी अर्धीच काढायची, उरलेली पुढच्या रिपॉटिंगला, आणि पाइनच्या मुळांवर पांढरी बुरशी दिसली तर घाबरून धुऊन काढू नका, ती तिची सोबतीण आहे, पाणी आणि अन्न घ्यायला मदत करते.

लेखात 'एकदा योग्य माती भरली की काळजी नाही' असंही एक वाक्य आहे. १६२५ पासून कुंडीत असलेला एक जपानी पाइन आहे, यामाकी पाइन म्हणून ओळखतात, १९४५ मध्ये हिरोशिमाच्या बाँबमधून वाचला आणि १९७६ मध्ये अमेरिकेला भेट दिला, आजही वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये आहे. एकाच मातीत कोणतंही झाड कुंडीत इतकी वर्षं काढू शकत नाही. मुळं कापून, जुनी माती काढून, नवीन भरून, हे पिढ्यान्पिढ्या कोणीतरी करत आलं म्हणून ते आज उभं आहे. पाणी घातल्यावर ते आत जायला वेळ लागायला लागला, वर तळं साचायला लागलं की मातीचे दिवस भरले समजायचं, मग तारीख कुठलीही असो.

आणि ज्यांनी लेख वाचून गेल्या आठवड्यातच माती-वाळू-शेणखत भरून झाड लावलंय त्यांच्यासाठी, लगेच उपटू नका, चुकीच्या हंगामात मुळं उघडी केली तर मरायचं नसेल तेही मरेल. तोवर एक जुगाड आहे. पाणी घालून झालं की ट्रेच्या एका बाजूखाली लाकडाचा ठोकळा सारा आणि ट्रे तिरका राहू द्या. स्पंज उभा केल्यावर जे झालं तेच होईल, तिरक्या ट्रेची उंची वाढते आणि अडकलेलं पाणी खालच्या कोपऱ्यातल्या भोकातून सुटतं. बघा करून, आडवा असताना थांबलेली धार परत सुरू होते. आणि रोज सवयीने पाणी घालू नका, एक लाकडी काडी मातीत खोचून ठेवा, काढून बघा, ओली असेल तर आज सुट्टी.

एवढ्यावर थांबते. पुढच्या रविवारी दोन ओळींची जागा निघाली तर खडीचं वाक्य मागे घेतल्याचं छापाल का? लेखकावर राग नाही, त्यांनीही कुठेतरी वाचलंच असणार.

आपली,
एक नियमित वाचक

ता.क. वीट फोडताना आणि परलाइट चाळताना नाकातोंडावर मास्क लावा आणि आधी पाण्याचा हबका मारून घ्या. ती धूळ फुप्फुसाला वाईट असते. मी पहिली दोन वर्षं नुसता पदर बांधून चाळत होते, मूर्खपणा होता तो.